बडोद्यात मसाला विकायचा असेल तर

प्रश्न पुण्याहून आला आहे. मसाले, भाजण्या आणि उपवासाची पिठं करणाऱ्या एका उद्योगाचं मार्केटिंग बघणाऱ्या ताईंनी विचारलंय: बडोद्यात मराठी वस्ती जुनी आणि मोठी आहे, तिथे माल आणायचा आहे. नऊवारीतली आजी, पाटा-वरवंटा आणि मागे गौरी-गणपतीची आरास ही आमची पुण्यात चाललेली जाहिरात तशीच लावली तर चालेल ना? संस्कृती आणि समान मूल्यांवर मार्केटिंग उभं असतं हे शिकलो, देशादेशांच्या संस्कृतींची तुलना करणारी हॉफस्टेडची परिमाणं पाठ आहेत, पण प्रत्यक्षात करायचं काय? आणि एखादा मराठी कलाकार घ्यावा का?

मी बडोद्यात वाढले. बाजार-पाहणी आणि जाहिरातीचं काम इथेच, मध्य गुजरातच्या शहरांत आणि खेड्यांत करत आले. म्हणून सरळ सांगते: तुमची जाहिरात इथल्या मराठी घरांना आवडेल, कुणी ती मोबाईलवर मावशीला पाठवेलही. पण माल उचलला जाईल असं मला वाटत नाही.

आमच्याकडे गणपती तुमच्यासारखाच बसतो, गौरी जेवतात, चैत्रात गुढी उभी राहते. गायकवाडांचा अंमल १८व्या शतकात इथे बसला, तेव्हापासून दांडिया बाजार, रावपुरा, राजमहाल रोड या भागांत मराठी घरं आहेत. पण त्याच घरातली बाई वर्षाचं धान्य कधी भरते, तेलाचा डबा कुणाच्या सांगण्यावरून बदलते, दुकानदाराचा शब्द कधी मानते आणि कधी नाही, हे बघितलं तर ती सदाशिव पेठेतल्या बहिणीपेक्षा शेजारच्या पटेल किंवा शाह बेनच्या जवळ जाते. तिच्या खुणा महाराष्ट्राच्या आहेत आणि व्यवहार बडोद्याचा. बाहेरून येणारे जवळजवळ सगळे खुणा पाहून माणूस ओळखल्याचं समाधान मानतात. समान मूल्यं म्हणतात ती मला तरी नेहमी व्यवहारात सापडली आहेत.

तुमच्याच मालाचं बघू. होळी उलटली की इथे मसाल्याचा हंगाम सुरू होतो. मोकळ्या जागांवर, रस्त्याच्या कडेला मांडव पडतात. लाल मिरच्यांचे ढीग, हळकुंडं, धणे, जिरं. बाई मिरची हातात घेऊन मोडते, बियांचा अंदाज घेते, रेशमपट्टी किती आणि रंगासाठी काश्मिरी किती हे ठरवते, आणि समोर उभी राहून दळून घेते. गिरणीत आधी कुणाची मिरची दळली गेली, तेही विचारते. हे मार्च ते मे चालतं आणि वर्षभराचं असतं. गव्हाला एरंडेल चोळून कोठीत भरणंही त्याच दिवसांतलं. मराठी घरं यातून वेगळी नाहीत. फक्त त्याच फेरीत दगडफूल, तमालपत्र, खसखस, सुकं खोबरं बाजूला बांधून घेतात आणि काळा मसाला घरी भाजतात. आजकाल नोकरीवाल्या सुना वर्षाचं भरत नाहीत, चार महिन्यांचं भरतात, पण मांडवात जातातच.

अशा बाईला पाकिटावरचं ‘१०० टक्के शुद्ध’ वाचून काहीच होत नाही. शुद्धतेचा तिचा पुरावा डोळ्यांसमोर दळलं जाणं हा आहे. तुमच्या जाहिरातीतली आजी तिला गोड वाटेल, पण त्या आजीने कुठली मिरची घेतली हे तिला दिसलेलं नाही. जाहिरात ‘परंपरा’ या मूल्याला हात घालते आणि बाई ‘मी पाहिलं म्हणून मानलं’ या मूल्यावर खरेदी करते. दोन्ही मूल्यं खरी आहेत, तिच्या मनात दोन्हीला जागा आहे, पण पैसे दुसऱ्यावर सुटतात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्या शेजारी आणंदला आहे. खेडा जिल्ह्याचा दूध संघ, म्हणजे आजचं अमूल, १९४६ मध्ये उभा राहिला. गावच्या मंडळीत, म्हणजे सहकारी दूध संस्थेत, दूध घालायला येणाऱ्याचा नमुना घ्यायचा, फॅट मोजायचं आणि त्यावर पैसे द्यायचे. रांगेत जो आधी आला त्याचं दूध आधी, मग तो कुठल्या का जातीचा असेना. अमूलच्या लोण्याची ती मुलगी १९६६ पासून फलकांवर आहे आणि देश तिच्यावरून अमूल ओळखतो. चरोतरमधल्या, म्हणजे आणंद-खेड्याच्या पट्ट्यातल्या, बाईचा विश्वास मात्र त्याआधीची २० वर्षं दूध मंडळीच्या ओट्यावर जमत आला होता. संवाद म्हटलं की लोकांना शब्द आणि चित्रं आठवतात. मला आधी तो ओटा आठवतो.

तर पहिला सल्ला असा. जाहिरातीचा निम्मा पैसा हंगामातल्या मांडवाला द्या. तुमच्या गोडा मसाल्यात जे जे पडतं ते अख्खं, उघडं, वजनाने मांडा. तिथेच भाजा, तिथेच दळा, आणि दळलेलं तिला तिच्या डब्यात द्या. पाकीट त्या दिवशी विकू नका. पाकीट लागतं पावसाळ्यात, घरचा मसाला संपत आला किंवा दमट झाला की. तेव्हा ज्या मांडवात तिने तुमचा खडा मसाला पाहिला, त्याच नावाचं पाकीट तिला किराण्याच्या दुकानात दिसायला हवं. पाकिटावर दळल्याची तारीख मोठी छापा. आजीचं चित्र ठेवायचं तर ठेवा, पण तारखेपेक्षा लहान.

उपवासाच्या पिठाबद्दल तर मी जास्तच काळजीने सांगेन. तुमच्या पाकिटावर ‘उपवासासाठी’ एवढंच लिहिलेलं आहे. पुण्यात ते पुरतं, कारण घेणारी आणि विकणारा यांच्या डोक्यात साधारण एकच यादी असते: साबुदाणा, भगर, राजगिरा, शेंगदाणे, बटाटा, जिरं. बडोद्यात एकाच मजल्यावर चार प्रकारचे उपवास राहतात. वैष्णव गुजराती घर फराळी खातं. तुमची भगर तिथे मोरैयो म्हणून शिजते, पण मीठ बहुतेक घरांत सैंधव, आणि लाल तिखटाऐवजी हिरवी मिरची किंवा मिरं. जैन घरात उपवास म्हणजे उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंतच. तिथे तुमच्या पिठाचा प्रश्नच येत नाही, आणि एरवीही बटाट्यासारखं कंदमूळ चालत नाही. स्वामिनारायण संप्रदायातली घरं कांदा-लसूण तर खात नाहीतच, हिंगही टाळतात. थालीपीठाच्या भाजणीत किंवा मसाल्यात हिंग असेल आणि तो अक्षरांच्या गर्दीत लपला असेल, तर ज्या बाईने तो नकळत घरात आणला तिला पुढे बराच काळ सासूसमोर अवघडल्यासारखं होईल. ती तुमच्याकडे तक्रार करणार नाही. पुन्हा घेणार नाही, आणि मंदिरात बसल्या बसल्या इतर बायकांना सांगेल.

म्हणून आत काय आहे आणि काय नाही, हे पाकिटाच्या पुढच्या बाजूला, गुजराती आणि मराठी दोन्हीत लिहा. ‘कांदा नाही, लसूण नाही, हिंग नाही, सैंधव वापरलं आहे.’ याला जाहिरातीची भाषा लागत नाही. समोरच्याचा नियम तुम्ही समजून घेतला आणि तो मोडणार नाही, एवढं त्यातून पोचतं. विश्वास वगैरे मोठे शब्द या चार ओळींच्या पुढे मला फिके वाटतात.

याच्या जोडीला एक अवघड गोष्ट. बडोद्यातल्या पुष्कळ मराठा घरांत मटण-कोंबडी शिजते, आणि तुमचा कोल्हापुरी मसाला तिथे आनंदाने जाईल. पण पाकिटावर रश्शात बुडालेल्या तंगडीचं चित्र असेल, तर किराण्याचा जैन किंवा वैष्णव दुकानदार ते फळीच्या मागे सारेल, आणि त्याच नावाचं उपवासाचं पीठ तर दुकानात ठेवणारच नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, तो त्याच्या घरच्या नियमाने चालतो. मांसाहारी मसाल्यांना वेगळं नाव आणि वेगळी दुकानं द्या. मराठी ग्राहक ती दुकानं शोधून काढतो, त्याला ती माहीत असतात.

आता हॉफस्टेड. त्यांचं काम १९६७ ते १९७३ मधल्या आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या पाहण्यांवर उभं आहे. देशादेशांची तुलना करायला, परदेशी कंपनीत कुणाशी कसं वागावं याचा पहिला अंदाज घ्यायला ते उपयोगी आहे. पण भारताचा अधिकार-अंतराचा (वरच्याचा अधिकार लोक किती सहज मानतात याचा) आकडा ७७ आहे हे समजल्याने बडोद्याच्या स्वयंपाकघरात मसाला कोण ठरवतं ते कळत नाही. माझ्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं ते असं: रोजच्या भाजीचा मसाला सून ठरवते, उपवासाचं आणि लोणच्याचं सासू ठरवते, आणि पाहुण्यांसाठीचं फरसाण नवरा येताना घेऊन येतो. एकाच घरात तीन वेगळे अधिकार चालतात, वस्तूगणिक. तुमच्या जाहिरातीतल्या आजीने लोणच्याबद्दल बोलावं. झटपट होणाऱ्या पिठल्याच्या पिठाबद्दल ती बोलली तर सुनेला ते आपल्यावरचं लक्ष ठेवणं वाटतं.

मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये मांडलेली, बोलण्यातलं किती शब्दांत असतं आणि किती आसपासच्या परिस्थितीत, ही कल्पना मला रोजच्या कामात जास्त उपयोगी पडली. इथला वितरक तोंडावर नकार देत नाही. चहा देईल, मालाची तारीफ करेल, मुलांची चौकशी करेल आणि दिवाळीनंतर या म्हणेल. पुण्याहून आलेला विक्री अधिकारी वहीत ‘सकारात्मक’ लिहून परत जातो. वितरकाला खरंच माल हवा असेल तर तो त्याच बैठकीत उधारीची मुदत, परत घेण्याची अट आणि शेजारच्या दुकानाला कुठला भाव दिला हे विचारतो. घासाघीस सुरू झाली म्हणजे होकार जवळ आला.

संस्कृतीच्या आधाराने लोकांशी कसं बोलावं, याचा या शहराला चांगला अनुभव आहे. सयाजीराव महाराजांचं घराणं मराठी, तरी राज्यकारभार गुजरातीत चालला, कारण प्रजेची भाषा ती होती. १९०६ मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरू लागल्या. शिकायला या, असं नुसतं न सांगता पुस्तक गावात नेऊन ठेवलं. त्याआधी राजा रवी वर्मांकडून महाराजांनी पौराणिक चित्रं करवून घेतली. ती राजवाड्यात लागण्याआधी लोकांना पाहायला ठेवली, तेव्हा गर्दी लोटली. पुढे १८९४ मध्ये रवी वर्मांनी मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर आल्या. साडीतल्या, ओळखीच्या वाटणाऱ्या देवी. दादासाहेब फाळके शिकले तेही बडोद्याच्या कलाभवनात. १९१३ मध्ये मूकपट पडद्यावर आणताना त्यांनी सगळ्यांना पाठ असलेली पुराणकथा घेतली, त्यामुळे प्रेक्षकाची सगळी शक्ती नव्या माध्यमाकडे बघायला मोकळी राहिली. मला यातून कामाची एक रीत मिळाली: वस्तू नवी असेल तर ती मांडण्याची पद्धत ओळखीची हवी. दोन्ही नवं केलं की लोक दोन्ही सोडून देतात. १९९४ मध्ये केलॉग्जने थंड दुधातला कुरकुरीत नाश्ता आणला तेव्हा वस्तूही नवी होती आणि खाण्याची रीतही. लोकांनी सवयीने त्यावर गरम दूध ओतलं आणि त्याचा लगदा झाला.

तारखांचं पटकन सांगते, कारण त्या चुकल्या की बाकीचं बरोबर असूनही पैसा जातो. गुजराती नवं वर्ष कार्तिक प्रतिपदेला, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. त्यानंतर बाजाराचा मोठा भाग लाभपंचमीपर्यंत बंद असतो, म्हणून भाऊबीजेच्या आठवड्यात नवा माल उतरवू नका. पितृपक्षात कशाचंच उद्घाटन करू नका, हे पुण्यालाही ठाऊक आहे. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर मधेच माईक घेऊन केलेली घोषणा इथे फार खटकते. ज्या शहरात हजारो माणसं अनवाणी गोलात फिरत असतात, तिथे ताल तोडणारा कोण हे लोकांच्या लक्षात राहतं. त्यापेक्षा मैदानाबाहेर पाण्याची सोय करा, नाव लहान लिहा.

रंगांबद्दल अभ्यासक्रमात शिकवतात की भारतात पांढरा म्हणजे शोक. गुजराती नवरी लग्नात पानेतर नेसते: पांढरी साडी, लाल काठ-पदर, मामाने दिलेली. आणि काळा अशुभ म्हणाल तर संक्रांतीला मराठी बायका मुद्दाम काळी साडी नेसतात, लेकराला हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण करतात, तेव्हा खालच्या मजल्यावरची गुजराती मंडळी गच्चीत पतंग आणि उंधियूत रमलेली असतात. संक्रांतीची एकच जाहिरात दोघांसाठी करायची असेल तर त्यात तीळ असू द्या. तो दोन्ही घरांत असतो.

संक्रांतीवरून हळदीकुंकू. तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवांत वाण म्हणून आमची छोटी पाकिटं फुकट वाटायचा विचार आहे, बॅनरसकट. कृपा करून बॅनर नेऊ नका. हळदीकुंकू ही बडोद्यात मराठी आणि गुजराती बायकांची एकत्र बसण्याची फार सुंदर जागा आहे, शेजारच्या बेनना आवर्जून बोलावतात. तिथे वाण देते ती घरची बाई. तिने ते निवडलेलं असतं, स्वतःच्या पैशाने आणलेलं असतं, आणि त्यात तिचा मान असतो. कंपनीने फुकट पाकिटं दिली की ती यजमानीण राहत नाही, तुमची वाटप करणारी होते, आणि हे समोर बसलेल्या प्रत्येकीला कळतं. नात्याने द्यायच्या गोष्टीत विक्री शिरली की आधी नातं आखडतं आणि मग विक्रीही थांबते. याऐवजी वाणासाठी शोभेल अशी छोटी, नीट बांधलेली पुडी करा, रास्त किमतीला दुकानात ठेवा आणि तिला विकत घेऊ द्या. खप कमी होईल. पण तुमचा मसाला तिच्या हातून दिला जाईल, आणि गुजराती घरात शिरायचा याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. शेवउसळ बघा. उसळ आपली, वर शेव त्यांची, आणि आज ती सगळ्या बडोद्याची आहे. कुणी मोहीम काढून ती रुजवली नाही. शेजारणींनी एकमेकींकडे वाटी पाठवली आणि गाडीवाल्यांनी पुढे नेली.

माहिती गोळा करताना ‘तुमच्यासाठी कोणती मूल्यं महत्त्वाची?’ असा प्रश्न कधी विचारू नका. प्रत्येकजण कुटुंब, संस्कार, आरोग्य सांगेल आणि तुम्हाला आकडेवारीही छान मिळेल. विचारा: मागच्या वेळी मसाला बदलला तो कधी, कुणी आणला, घरात कोण काय म्हणालं, उरलेल्या जुन्या मसाल्याचं काय केलं? स्वयंपाकघरात बसून विचारा, डबे उघडून दाखवायला सांगा. नावाच्या पाकिटातून काढून स्टीलच्या डब्यात काय भरलं जातं आणि काय पाकिटातच क्लिप लावून राहतं, एवढ्यावरूनही कळतं की कुठल्या वस्तूला घराने आपलं मानलंय. आणि गुजराती मजकूर मराठीवरून उतरवून घेऊ नका. बडोद्यातल्या लिहिणाऱ्या माणसाला माल हातात द्या, खाऊ घाला, आणि त्याला त्याच्या भाषेत सुरुवातीपासून लिहू द्या.

राहिला कलाकाराचा प्रश्न. पोलिओची मोहीम आठवा. अमिताभ बच्चन यांच्या आवाजाने ‘दो बूँद’ घराघरांत पोचवले, त्यांना तोड नव्हती. तरी २००९ मध्ये भारतात ७४१ रुग्ण होते, बहुतेक उत्तर प्रदेश आणि बिहारमधले. संशयाने बंद झालेली दारं उघडली ती त्याच मोहल्ल्यातल्या, ओळखीच्या, दारात उभ्या राहून तासभर बोलणाऱ्या बायकांनी, मशिदीतून झालेल्या आवाहनांनी, आणि अलिगढ व जामियासारख्या विद्यापीठांतल्या माणसांच्या शब्दाने. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. नाव माहीत करून द्यायला मोठा चेहरा लागतो. घरात घ्यायला ओळखीचा माणूस लागतो.

तुमचा कलाकार मालिकांमुळे मराठी घरांना माहीत असेल, शेजारच्या घराला त्याचं काही नाही. आणि आत्ता तुमची अडचण नाव माहीत नसण्याची नाहीच, घरात घेतलं जाण्याची आहे. त्याच्या मानधनाचा आकडा बाजूला ठेवा आणि पहिल्या हंगामासाठी चार-पाच बायका पगारावर घ्या: दांडिया बाजारातली एखादी, वाडी भागातली एखादी, अलकापुरीकडच्या सोसायटीतली एखादी गुजराती बेन, जिचं लोणचं तिच्या इमारतीत मागून नेतात. त्यांना आधी पुण्याला बोलवा, तुमचा कारखाना दाखवा, खरेदीची मिरची त्यांच्यासमोर उघडा, त्यांना नापसंत असेल ते ऐका. मांडवात त्यांनीच उभं राहायचं. मांडवाच्या जागांची बोलणी होळीआधी होतात, तेव्हा हे सगळं जानेवारीत ठरायला हवं.